आण्णांची कवळी आणि महाराजांचा आहार

दिनांक १८ जून २०२४, रुपये चौदा हजार पाचशे. बाळगोंडा नेजकर यांनी वरची आणि खालची मिळून पूर्ण कवळी बसवून घेतली, त्याचा हा दिवस आणि ही रक्कम. गल्लीत त्यांना सगळे आण्णा म्हणतात. आम्ही शेजारी. मी पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे कुणाचाही मोठा खर्च असला की मला बरोबर न्यायची गल्लीत पद्धत पडली आहे. म्हणून दवाखान्यात मीही होतो.

डॉक्टर शाहिस्ता वयाने लहान, पण कामात चोख. कवळी बसवून त्यांनी आण्णांच्या हातात आरसा दिला. आण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"ह्यो कोण पावणा?" ते म्हणाले.

"काका, थोडे दिवस पाहुणाच वाटणार," डॉक्टर हसून म्हणाल्या. "मग घरचा होईल."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. खालची हिरडी फार झिजलेली आहे. वरची कवळी टाळूला धरून बसेल, खालची मात्र थोडी हलणारच. घास लहान घ्यायचा, दोन्ही बाजूंनी चावायचं, आणि हळू बोलायचं. ओरडून बोललात तर खालची उचलली जाईल.

हळू खाणं जमलं असतं. हळू बोलणं आण्णांना माहीतच नव्हतं.

आण्णांची पिठाची गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. पस्तीस-छत्तीस वर्षं ते चालत्या पट्ट्याशेजारी उभे राहिले. गिऱ्हाईकाशी बोलायचं तर पट्ट्याच्या वर आवाज चढवायला लागतो. तो चढलेला आवाज संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावरही खाली येत नसे. ते कुणाच्या मयताला गेले तरी त्यांचं सांत्वन चार घरं ऐकत. आणि गिरणीत पीठ नाकातोंडात जातं म्हणून तंबाखू. तंबाखूने घसा मोकळा राहतो असं ते म्हणत. खालच्या ओठाआड कायम एक गोळी. त्याच गोळीने पुढे हिरड्या खाल्ल्या.

ही तंबाखू नुसती दातांवर गेली नाही. आमच्या जैन समाजात तिला आणखी एक किंमत आहे, ती इतरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात. पाणीसुद्धा त्याच वेळी. गृहस्थाच्या घरी जाऊन, उभ्याने, दोन्ही हातांच्या ओंजळीत. घरात जिथे शुद्ध स्वयंपाक मांडलेला असतो त्या जागेला चौका म्हणतात. ओंजळीत घास घालणारा माणूस निर्व्यसनी लागतो. त्यामुळे आण्णांनी आयुष्यात कधी मुनींना आहार दिला नव्हता. त्यांच्या बायकोने, चंदनाक्कांनी, दिला. शिरोळहून त्यांचा भाऊ यायचा आणि बहीणभाऊ मिळून चौक्यात उभे राहायचे. आण्णा स्वतःच्याच घराबाहेर कट्ट्यावर बसलेले असत. कुणी विचारलं तर म्हणत, "मी दाराला राखण हाय."

कवळीच्या तीन वर्षं आधी तो मेहुणा वारला. त्या वर्षी गावात मुनी आले तेव्हा चंदनाक्कांनी चौका मांडला नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन, कडेला उभं राहून, दोन घास देऊन आल्या. आण्णांनी दुसऱ्या दिवशी तंबाखूची पिशवी गटारात टाकली. साठी ओलांडलेल्या माणसाने अशी एका दिवसात तंबाखू सोडलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. पण दात तोवर सगळे हलायला लागले होते. एकेक करत ते काढावे लागले.

मग २०२४ चा चातुर्मास आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, ठरला. चार महिने महाराज मुक्कामाला. आण्णांनी चौक्यासाठी नाव दिलं आणि घरी आरशासमोर उभं राहून सराव सुरू केला. मुनी रस्त्याने येताना दारात उभं राहून त्यांना बोलवायचं असतं: "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र, अत्र, अत्र. तिष्ठ, तिष्ठ, तिष्ठ." मग मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी बोलायची. दात नसलेल्या तोंडातून नुसता वारा येत होता. चंदनाक्कांना हसू फुटलं.

"हसू नगंस," आण्णा म्हणाले. "वचन शुद्ध म्हनायचं आणि त्ये वचनच असलं? महाराज म्हनतील, ह्यो काय बोलायलाय."

कवळी केली ती एवढ्यासाठी. एकदा तरी आपल्या हाताने महाराजांच्या ओंजळीत घास घालायचा.

पहिले दिवस वाईट गेले. तोंडात सारखं पाणी सुटायचं. उजव्या बाजूला हिरडी सोलली गेली, तिथे डॉक्टरांनी कवळी घासून दिली. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा आणि गिळताना मोठाच्या मोठा जायचा. शेंगदाण्याच्या चटणीचा एक कण कवळीखाली गेला की ताटावरून उठायला लागायचं. ज्या माणसाने सगळ्या गल्लीची ज्वारी दळली तो दुधात भाकरी कुस्करून खात होता. गरम-गार कळेना. टाळूवर प्लास्टिक, मग आमटीची चव कुठून येणार? "मी जेवतोय का दुसराच कोन जेवतोय, कळंना झालंय," एकदा ते मला म्हणाले.

गिरणीत केरबा यायचा. रंगकाम करणारा, तोंडाने फटकळ. दळणाचा डबा ठेवायचा आणि सुरू करायचा.

"आण्णा, हसा की जरा. गल्लीत ट्यूबलाइट गेल्याती."

"डबा ठेव आणि नीघ."

"न्हाई, परवा वैनी म्हनत हुत्या, म्हाताऱ्याला स्थळं यायला लागल्याती."

"केरब्याऽऽ!" आण्णा ओरडले, आणि खालची कवळी उचलून ओठांत आली. त्यांनी पटकन हात तोंडावर नेला. केरबा पोट धरून हसला, आण्णाही हसले, हाताआडून. तेव्हापासून त्यांना ती सवय लागली. आवाज चढला की उजवा हात आधीच तोंडाकडे जायचा.

डॉक्टरांनी मग पावडरची एक डबी दिली. कवळी ओली करायची, आतून पावडर भुरभुरायची, दाबून बसवायची. चांगले आठ-दहा तास हलत नाही. तिने खरोखर फरक पडला. जुलैअखेर पंचगंगेचं पाणी उतरलं तोवर आण्णा पातळ भाकरी तुकडे करून चावायला लागले होते. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत. कवळी जागची हलायची नाही. एक दिवस वाचता वाचता थांबले आणि रस्त्याकडे बघून त्यांनी गिरणीतल्या आवाजात हाक दिली, "अत्र, अत्र, अत्र! तिष्ठ, तिष्ठ, तिष्ठ!" समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. आण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "थांबतील की न्हाई आता?"

"थांबतील," मी म्हणालो.

त्यांचा चौका २९ ऑगस्टला, गुरुवारी ठरला. आदल्या दिवशी लेक भाग्यश्री इचलकरंजीहून आली. चौक्याला गिरणीचं पीठ चालत नाही. जात्यावर घरी दळलेलं लागतं. आण्णांनी शेजारच्या घरातलं जातं आणवलं, धुऊन वाळवलं आणि स्वतः बसून दळलं. विहिरीचं पाणी आणून गाळून उकळलं. मी पाण्याच्या घागरी उचलायला होतो. आण्णा त्या दिवशी फार थोडं बोलले. त्यांना आवाज राखून ठेवायचा होता.

गुरुवारी सकाळी आंघोळ करून त्यांनी शुद्धीचं धोतर नेसलं, उपरणं घेतलं. कवळी रात्रभर पाण्यात होती, ती गाळलेल्या पाण्याने धुतली. मग पावडरची डबी हातात घेतली.

भाग्यश्री वडिलांना दादा म्हणते. तिने विचारलं, "दादा, त्यात काय असतंय?"

"पावडर."

"कसली पावडर?"

आण्णांनी डबी तिच्याकडे केली, पण ती आंघोळ करून शुद्धीच्या कपड्यांत होती म्हणून तिने हात लावला नाही. नुसतं वाकून झाकणावरचं बारीक इंग्रजी वाचलं. दोन-तीन लांबलचक नावं. ती कशापासून निघतात हे तिला सांगता येईना, मलाही आलं नाही. त्यावर हिरवा ठिपकासुद्धा नव्हता.

चंदनाक्का चुलीपासून उठून आल्या. "ज्यात काय हाय त्ये म्हाईत न्हाई, त्ये तोंडात घालून चौक्यात जायचं?"

"रोज घालतोय की."

"रोजचं येगळं."

आण्णा डबीकडे बघत उभे राहिले. मी म्हणालो, डॉक्टरांना फोन करू. लावला. सकाळचे साडेसात, फोन कुणी घेतला नाही. मग मी म्हणालो, आज कवळी नकोच. आण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"बिनदातानं वचनशुद्धी म्हनू व्हय? एवढं करून?"

डबी त्यांनी स्वतःच कोनाड्यात ठेवली, हात परत धुतले आणि कवळी तशीच, नुसत्या पाण्याने ओली करून, बसवली. दोनदा दात आवळून बघितले. "बसलीया," म्हणाले. चंदनाक्का चुलीकडे गेल्या. यात कुणाची चूक झाली असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

नऊच्या पुढे गल्लीत दारोदारी माणसं उभी राहिली. कुणाच्या हातात कलश, कुणाच्या हातात नारळ. बस्तीकडून महाराज निघाले. उजव्या हाताची बोटं मिटून खांद्यावर, डाव्या हातात कमंडलू आणि मोरपिसांची पिंछी, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. मुनी निघताना मनात काही एक धरून निघतात, ते जिथे जुळेल तिथेच थांबतात. काय धरलंय ते कुणाला माहीत नसतं. दोन घरं मागे पडली. तिसरंही पडलं.

आण्णांनी हाक दिली. गिरणीतला आवाज, पण प्रत्येक अक्षर सुटं. नमोस्तु तीनदा, अत्र तीनदा, तिष्ठ तीनदा. महाराज थांबले.

आण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिघांनी महाराजांभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी आण्णांनी न अडखळता म्हटली. पाय धुतले, पूजा झाली. महाराज चौक्यात पाटावर उभे राहिले आणि त्यांनी ओंजळ जुळवली. मी उंबऱ्याबाहेर होतो. तिथून सगळं दिसत होतं.

आधी चंदनाक्कांनी पाणी दिलं. मग आण्णांनी भाकरीचा तुकडा बोटांनी बारीक करून, केस-किडा नाही ना हे उजेडात बघून, ओंजळीत ठेवला. मुगाची आमटी, थोडा भात. महाराज बोटांनी घास पुढे ओढत आणि सावकाश चावत. आण्णा त्यांच्या चावण्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांच्या तोंडातली कवळी त्या वेळी ते विसरले होते.

भाग्यश्रीने शहाळ्याचं पाणी गाळून तांब्यात भरून आण्णांच्या हातात दिलं. आण्णांनी ओंजळीत एक धार सोडली. महाराजांनी घेतली. दुसरी सोडणार, तेवढ्यात महाराजांनी अंगठा किंचित हलवला. पुरे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी घरच्यांनी आग्रह करायचा असतो. सगळेच करतात.

"घ्या महाराज!" आण्णा म्हणाले. आनंदाच्या भरात म्हणाले, म्हणजे ओरडलेच. "आनिक थोडं घ्या!"

खालची कवळी उचलली. आण्णांचा उजवा हात तोंडाकडे गेला. त्याच हातात तांब्या होता.

कवळी पडली नाही. ती त्यांनी ओठांत धरली. तांब्या पडला. पाटावर आपटून फरशीवर घरंगळत गेला आणि पाणी महाराजांच्या पावलांवरून वाहिलं.

देणाऱ्याच्या हातून भांडं पडलं की तो अंतराय. आहार तिथेच थांबतो. महाराजांनी ओंजळ सोडली. जे होतं ते खालच्या पातेल्यात पडलं. आता दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. चंदनाक्कांनी डोळे मिटले. महाराजांनी कमंडलूच्या पाण्याने हात धुतले, पिंछी उचलली, आण्णांसमोर येऊन ती आशीर्वादासाठी वर केली आणि निघून गेले. आण्णा हात तोंडावर तसाच धरून उभे होते. कितीतरी वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही.

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती आणि दुपारी ऊन कडक पडलं. आण्णा अंगणात येऊन सारखं वर बघत होते.

संध्याकाळी मी त्यांना घेऊन बस्तीत गेलो. आण्णांनी लोटांगण घातलं. मीच झालेलं सांगितलं, पावडरीसकट. महाराजांचा आवाज दिवसभर पाणी नसल्याने बसला होता. ते म्हणाले, "अंतराय माझ्या कर्माचा. तुम्ही निमित्त. एक माळ जप करा, आणि पुन्हा चौका मांडा." मग म्हणाले, "हाक चांगली दिलीत."

मला वाटलं, याने आण्णांचं मन हलकं होईल. झालं उलटंच. महाराज रागावले असते तर त्यांना सोसलं असतं. घरी येईपर्यंत ते एकच बोलले, "आवाज ऐकलास का त्यांचा?"

घरी येऊन त्यांनी कवळी काढली आणि वाटीत ठेवली.

चंदनाक्का मागे लागल्या. "अवो, महाराजांनीच सांगिटलंय. पुढल्या ऐतवारी मांडू. त्या डाक्टरबाईला इचारून घेऊ पावडर कशाची त्ये."

"आनि पुन्यांदा पडलं तर?"

"न्हाई पडत."

"तुला काय म्हाईत? मला तरी कुठं म्हाईत हुतं."

मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्या म्हणाल्या, पावडरीत काय आहे ते कंपनीला विचारून सांगते, आणि कवळीला आतून नवा थर देऊन ती घट्ट करता येईल, पण काकांनी यायला पाहिजे. शिवाय कवळी रोज वापरली पाहिजे. वापरली नाही तर हिरडी आणखी बसत जाते आणि मग ती तोंडात बसणारच नाही. हे मी आण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. गेले नाहीत. चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला, पावडर वनस्पतीपासून केलेली आहे, काही अडचण नव्हती. हे मी चंदनाक्कांना सांगितलं आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आण्णांचा आवाज त्या दिवसापासून उतरला. गिरणी चालू असताना गिऱ्हाईकाला ते बोटांनी सांगायचे, दोन बोटं म्हणजे दोन तासांनी ये. केरबा डबा घेऊन आला. मला भीती होती तो काहीतरी बोलेल. त्याने नुसता डबा ठेवला, "येतो आण्णा," म्हणाला आणि गेला. आण्णांनी त्याच्या पाठीकडे बघितलं. ते केरबाच्या थट्टेची वाट बघत असावेत. ती परत कधी आली नाही. गल्लीतले सगळेच त्यांच्याशी जपून बोलायला लागले, आणि जपून बोललेलं आण्णांना लगेच कळत होतं.

दशलक्षण पर्व आलं आणि गेलं. आण्णा बस्तीत पहाटे दर्शन घेऊन यायचे, महाराज बाहेर यायच्या आत. दसऱ्याच्या सुमाराला चंदनाक्कांनी त्यांना एकदा कवळी घालायला लावली. खालची बसली नाही. जिभेवर डुलत राहिली. आण्णांनी ती काढून, धुऊन, पुसून डबीत घातली आणि डबी कपाटात वर ठेवली. "भागलं," म्हणाले.

दिवाळीनंतर महाराजांचा विहार झाला, ते पुढच्या गावी निघाले. सगळी गल्ली त्यांना शहराबाहेर पोचवायला चालत निघाली. चंदनाक्काही होत्या. मी आण्णांना बोलवायला गिरणीत गेलो. पट्टा जोरात फिरत होता. वरच्या चाडीत दाणा नव्हता, खाली पीठ नव्हतं, चक्की रिकामी चालली होती. मी काय म्हणतोय ते त्यांना ऐकू येत नाही असं त्यांनी हाताने दाखवलं. मी परत फिरलो.

आता मी येत्या मार्चला निवृत्त होतोय आणि आण्णा सत्तरीला आले आहेत. रोज दुधात कुस्करलेली भाकरी खातात. गाल आत गेलेत. गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. बऱ्याच महिन्यांनी आले होते. मी वर्तमानपत्र त्यांच्यापुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. बोलायला वळले तेव्हा मला वास आला. खालच्या ओठाआड, जिथे आता दात नाही आणि हिरडीही फारशी नाही, तिथे गोळी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं आहे हे त्यांना कळलं.

"आता कशाला सोडायची?" ते म्हणाले.

चंदनाक्कांना माहीत आहे. त्यांनी घरी विषय काढलेला नाही. यंदा बस्तीत चौक्यासाठी नावं घेतली तेव्हा नेजकरांचं नाव नव्हतं, आणि कुणी विचारायला गेलं नाही.

त्या गुरुवारच्या चौक्यासाठी आण्णांनी कोपऱ्यावरच्या नईमच्या गाड्यावरून सहा शहाळी उधार आणली होती. त्याचे तीनशे साठ रुपये अजून द्यायचे आहेत, आणि नईमनेही ते मागितलेले नाहीत.